रिबेकाचा निळा झगा

दुपारचे साडेबारा वाजले तेव्हा रिबेकाला पाय नव्हते, उंटाला तोंड नव्हतं आणि हेस्टरने अजून उत्तर दिलेलं नव्हतं.

पहिल्या दोन गोष्टींवरून व्हीलडनांच्या कोठारात जमलेल्या बायका आणि दोन खाणकामगार यांचा नुसता आरडाओरडा चालला होता. तिसरी गोष्ट फक्त घरच्यांना ठाऊक होती. म्हणजे एफ्रेम आजोबांना, बाबांना, लेटीला आणि ऑगस्टा आत्याला. आणि आत्याला ठाऊक म्हणजे अर्ध्या एल्डरबर्नला.

उद्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, विहिरींचा सण. नऊच्या ठोक्याला पाद्रीबाबा निघणार आणि गावातल्या पाचही विहिरींना आशीर्वाद देत फिरणार. तोवर व्हीलडनांच्या विहिरीवर माणसाहून उंच फळा उभा हवा. फळ्यावर चिकणमातीचा थर आणि मातीत पाकळ्या दाबून काढलेलं बायबलातलं चित्र, यंदा विहिरीवर उंटाला पाणी पाजणाऱ्या रिबेकाचं. रंग चालत नाही, कागद चालत नाही. फूल, पान, शेवाळ, बी, साल, एवढंच. राजाच्या राज्याभिषेकाच्या वर्षी चर्चकडच्या विहिरीच्या मंडळींनी मुकुटाला सोनेरी कागद लावला होता, त्यावरून त्यांना अजून टोमणे खावे लागत होते.

"आजोबा, हा उंट आहे की मेंढी?" हेस्टरने शिडीवरून विचारलं.

"उंट आहे."

"तुम्ही पाहिलाय कधी?"

"रिबेकानं पाहिला होता ना? मग झालं." शहात्तर वर्षांचे आजोबा गुडघ्यांवर बसून एल्डर झाडाच्या काळ्या बोंडांनी उंटाचं कुबड आखत होते. "आणि तू तोंड कमी चालव, हात जास्त चालव. खालून वर, पोरी, खालून वर."

"ठाऊक आहे हो!"

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. घराच्या छपराला कौलं शाकारतात तशा पाकळ्या लावायच्या. खालची ओळ आधी, वरची ओळ तिच्यावर चढवायची, म्हणजे पाऊस आला तरी पाणी वरच्यावर ओघळून जातं. हे कुणी शिकवत नसे. एल्डरबर्नची मुलं दात येण्याआधी ते शिकतात, असं शेजारच्या बॅगशॉबाई म्हणायच्या.

लेटी दाराशी टोपलीवर बसून निळ्या घंटाफुलांच्या पाकळ्या सुट्या करत होती. सात महिन्यांची लेक फीबी शालीत बांधलेली, तिच्या छातीशी. हात फुलांत, कान फीबीच्या श्वासाकडे आणि डोळे बहिणीवर. आई गेल्यापासून तिला ही सवयच लागली होती.

हेस्टर शिडीवरून उतरून तिच्याशेजारी धपकन बसली.

"लेटी, माझं पोट बघ कसं धडधडतंय. पोट धडधडतं का गं कुणाचं?"

"माझं धडधडलं होतं. वॉल्टरला हो म्हणायच्या आदल्या दिवशी."

"मग हे चांगलं लक्षण आहे?"

लेटीने पाकळ्या नीट रचल्या. मिस्टर स्टॉलवुड फेब्रुवारीत आत्याबरोबर पहिल्यांदा आले होते. त्यांनी रविवारी बागेत, अगदी व्यवस्थित, घड्याळ बघून हेस्टरला लग्नाचं विचारलं होतं. आणि बुधवारी चहाच्या वेळी उत्तर देते असं हेस्टर म्हणाली होती. आज बुधवार होता. आणि तिला त्यांच्याकडे ढकलणारी लेटीच होती. फेब्रुवारीपासून तिने हेस्टरचं डोकं खाल्लं होतं. त्यांच्या घरी चार हजार पुस्तकं आहेत. ते तुला फ्लॉरेन्स दाखवतील. या दरीत तुझ्याशी पुस्तकांवर कोण बोलणार, खाणीचा मुकादम? आपल्या दोघींतल्या एकीने तरी बाहेर पडायला हवं, हेस्टर. हे शेवटचं वाक्य ती फीबीला पाजताना बोलली होती, आणि बोलून झाल्यावर तिचं तिलाच दचकायला झालं होतं.

"त्यांच्याजवळ बसलं की मला फार हुशार झाल्यासारखं वाटतं," हेस्टर म्हणाली. "आणि ते आपल्या घरी आले की माझे हात खूप मोठे झाल्यासारखे वाटतात."

"हात?"

"त्यांना ते दिसू नयेत असं वाटतं."

एवढ्यात बाहेर आत्याचा आवाज आला, आणि कोठारातल्या सहाही बायकांनी एकदम केस सारखे केले.

"या, या, मिस्टर स्टॉलवुड! पसारा आहे हं सगळा. जपून, तिथं माती आहे. तिथंही आहे. सगळीकडेच आहे."

एव्हरार्ड स्टॉलवुड दारात थांबले. करडा सूट, फिकट हातमोजे, नाकावर चिमटीत बसणारा चष्मा. देखणे होते, यात वादच नव्हता. पण ते कोठारात शिरले ते एखाद्या ओल्या फरशीवर मांजर पाऊल टाकतं तसे.

"किती मोहक!" ते म्हणाले. "शुद्ध, आदिम. यात एक निरागस ओबडधोबडपणा आहे."

"काय म्हणाले?" आजोबांनी विचारलं.

"चित्र आवडलं म्हणाले," बॅगशॉबाई म्हणाल्या, आणि खाली मान घालून दातांत ओठ धरला.

स्टॉलवुडांची नजर उंटावर पडली आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची वेदना उमटली. "मिस्टर व्हीलडन, मी कैरोत उंट पाहिले आहेत. त्यांची मान अशी नसते."

"आमच्याकडच्यांची असते," आजोबा म्हणाले.

हेस्टर खुदकन हसली. स्टॉलवुडांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते चक्क लाजले. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. लेटीला ते बरं वाटलं. त्या कॉलरच्या आत माणूस आहे तर.

एक वाजता बाबांनी हाक दिली आणि सगळे जेवायला पळाले. पिठाच्या पारीत भाजलेलं मटण होतं, सोबत पुदिन्याची चटणी. स्टॉलवुड म्हणाले, "मला क्षुधा नाही. मी या सुंदर शांततेत थोडा वेळ बसेन." आत्याने सगळ्यांकडे 'पाहिलंत ना, किती संस्कारी' अशा नजरेने पाहिलं. जेवण लांबलं, कारण चर्चकडच्या मंडळींनी यंदा जहाज काढलंय आणि त्याच्या शिडाला खरी दोरी लावलीय ही बातमी आली, आणि दोरी झाडापासून होते म्हणून चालते की माणसाने वळली म्हणून चालत नाही, यावर आजोबा आणि बाबा टेबलावर हात आपटून भांडले.

दोन वाजता परत आले तेव्हा दारातच हेस्टर थबकली.

"बाई गं!"

रिबेकाला झगा आला होता. खांद्यापासून थेट गुडघ्यापर्यंत निळाशार, आणि घड्यांमध्ये गडद, उजेडाकडे फिका, असा की खरंच वाऱ्याने हलतोय. फळ्यासमोर स्टॉलवुड उभे होते. एका हातात रुपेरी चिमटा. हातमोजे तसेच.

"मी अंमळ धाडस केलं," ते म्हणाले. 

"तुम्ही केलंत हे? तुमच्या हातांनी?" हेस्टरचे डोळे चमकले. लेटीने बहिणीचा तो चेहरा पाहिला आणि मनात म्हणाली, झालं. ही हो म्हणणार. आत्याने लेटीचा दंड दाबला.

आजोबा पुढे गेले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी झग्याला नाक लावलं. मग एका बोटाने एक पाकळी हलकेच उचलली. ती सहज वर उचलली गेली.

सगळे फळ्याभोवती गोळा झाले.

"वरून खाली लावल्यात," आजोबा म्हणाले.

"अर्थात. प्रकाश वरून येतो, म्हणून खांद्यापासून आरंभ केला."

"पाऊसही वरूनच येतो." आजोबांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "सगळ्या पाकळ्यांची तोंडं आभाळाकडं. पहिल्या सरीला पाणी आत शिरेल आणि रिबेका मातीसकट जमिनीवर येईल. पाद्रीबाबांच्या बुटांवर. आणि ते गोणपाट? ओलं गोणपाट होतं ना इथं खालच्या भागावर?"

"ते ठिबकत होतं. मी बाजूला ठेवलं."

सगळ्यांनी खाली पाहिलं. दारातून येणारं ऊन तासभर फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर पडलं होतं. माती फिकी झाली होती आणि तिला तळहातावरच्या रेषांसारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. उंटाचा एक पाय निखळून पडला.

"खालचा अर्धा भाग नवा," बाबा म्हणाले. बाबा दिवसाला दहा वाक्यं बोलत. त्यातलं हे एक.

"झगाही," आजोबा म्हणाले.

"पण हा झगा तर..." हेस्टर म्हणाली.

"एक सूचना करू?" स्टॉलवुड म्हणाले. "हा प्रकार आठवडाभराचाच ना? पाऊस येईलच असं नाही. आणि खालून पाहणाऱ्या या मंडळींना फरक कळेल, असं मला वाटत नाही."

बॅगशॉबाईंनी हातातली टोपली खाली ठेवली. फार हळू ठेवली.

"ते बरोबर आहे म्हणा," आत्या घाईने आजोबांना म्हणाली. "कुणाला कळणार आहे, बाबा? उद्या वीस माणसं जेवायला आहेत, आणि ..."

"ऑगस्टा," आजोबा म्हणाले, "तुला कळेल का?"

आत्याची नजर भेगाळलेल्या मातीवर गेली. तेवढ्यात बाबांनी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला सुरुवात केली.

आणि मग जी धावपळ उडाली! गुरांना पाणी पाजायची मोठी लाकडी डोणी ओढत आत आली. माती ओलसर राहावी म्हणून बॅगशॉबाई मिठाची पिशवी घेऊन धावल्या, कुणी बादल्या, कुणी फावडी. माती ओतली, पाणी ओतलं, आणि बाबा पोटऱ्यांपर्यंत पँट गुंडाळून आत उतरले. चिकणमाती पायांनीच मळावी लागते. हातांनी तिच्यातले खडे कळत नाहीत. हेस्टरने स्कर्ट वर खोचला, पायमोजे भिरकावले आणि आत उडी मारली. "आईगं, गार आहे!" तिच्यामागे तीन बायका. चपक, चपक, चपक.

आत्या काठावर उभी राहून हे पाहत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होत होतं.

"सॅम्युएल, हे काय? माती तुडवतोयस की पाहुण्यांना हळूच चहा देतोयस? टाच! टाच मार!" ती बाबांना म्हणाली.

"तू ये की मग."

"मी? या वयात? या कोर्सेटमध्ये?"

"चौऱ्याऐंशी साली ही दिवसाला तीन डोण्या मळायची," आजोबा फळ्यावरची माती खरवडता खरवडता म्हणाले. "चर्चकडची पोरं नुसती बघायला यायची."

"बाबा!" आत्या किंचाळली. आणि पुढच्या क्षणाला मिस ऑगस्टा व्हीलडन, जिने भेटीला जाताना नावाच्या कार्डाचा कुठला कोपरा दुमडावा हे गावाला शिकवलं होतं, ती बॅगशॉबाईंच्या खांद्याला धरून डाव्या पायातला मोजा ओढत होती. कोठारभर टाळ्या पडल्या.

"मिस्टर स्टॉलवुड!" हेस्टरने डोणीतून हात पुढे केला. चिखलाने माखलेला हात. ती हसत होती, केस सुटले होते. "या ना! तुमच्या झग्यासाठीच चाललंय हे. या, पाच मिनिटांत सवय होते!"

स्टॉलवुड एक पाऊल पुढे आले. लेटीने शपथेवर सांगितलं असतं की ते खाली वाकले होते. उजव्या बुटाच्या नाडीला त्यांचं बोट लागलंही. मग त्यांनी वर पाहिलं. सहा बायका, दोन खाणकामगार, बॅगशॉबाईंच्या उघड्या पायाचा अंगठा डोणीच्या काठावर. ते सरळ झाले.

"मी पाहतो," ते म्हणाले. "तुला पाहण्यात मला आनंद आहे. पण हेस्टर, या सर्वांच्या समोर ... तूही बाहेर येशील तर बरं."

हेस्टरचा हात क्षणभर तसाच राहिला. मग तिने तो कमरेवर ठेवला आणि पाय जोरात आपटला.

लेटीला राहवेना. एक जोडी पाय कमी होते आणि ऊन उतरायला लागलं होतं. तिने शालीची गाठ सोडली आणि इकडेतिकडे पाहिलं. प्रत्येकाचे हात कोपरापर्यंत मातीत. फक्त दोन हात फिकट मोज्यांत.

"मिस्टर स्टॉलवुड, मग हिला तरी धरा. इथं सगळ्यांत स्वच्छ तुम्हीच आहात."

"मी? मिसेस ... पण मला ..."

"मान सांभाळा म्हणजे झालं!" आणि फीबी त्यांच्या हातांत होती.

त्यांनी तिला काचेच्या झुंबरासारखं लांब धरलं. फीबीने त्यांना नीट पाहून घेतलं आणि त्यांच्या नाकावरचा चष्मा एका झटक्यात ओढला. डोणीतून हशा उसळला.

त्यानंतरचा तासभर कुणाला कशाचं भान नव्हतं. माती लोण्यासारखी झाली, तशी आजोबांनी ती फळ्यावर थापली, बाबांनी फळीने सारखी केली. बायकांनी बोंडांनी रेषा आखल्या आणि पाकळ्यांच्या ओळी चढू लागल्या, खालून वर, खालून वर. रिबेकाची पावलं झाली. "दोन्ही डावी आहेत!" "असू देत, तिला चालायचंय, नाचायचं नाही!" लेटीच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि कित्येक महिन्यांत ती इतकी हसली नव्हती.

मग तिला एकदम आठवलं. फीबी.

स्टॉलवुड दाराशी, होते तिथेच उभे होते. फीबी त्यांच्या खांद्यावर झोपली होती, तोंड उघडं, लाळ करड्या कोटावर. ते खांबासारखे ताठ होते.

"हलू का मी?" त्यांनी लेटीला अगदी हळू विचारलं. "हिने डोळे मिटल्यापासून हललो नाही. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. आता त्याही जाणवत नाहीत. पण ती उठली असती."

चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा किती तरुण होता!  आपण या माणसाला तासभर हसलो. आणि तिने वळून पाहिलं तर मागे हेस्टर उभी होती, गुडघ्यांपर्यंत माखलेली. आणि दुपारी झगा पाहताना होता तोच भाव पुन्हा तिच्या चेहऱ्यावर आलेला. त्याहूनही मऊ. लेटीला भीती वाटली. आता ही हो म्हणेल. आणि आपल्याला काय हवंय, हेच लेटीला कळेना.

"एव्हरार्ड," हेस्टर म्हणाली. नावाने तिने त्यांना पहिल्यांदाच हाक मारली.

त्यांनाही ते कळलं. त्यांचे डोळे उजळले, आणि आपल्याजवळचं सगळ्यात मोलाचं द्यावं तसं ते बोलले.

"हेस्टर, मी तासभर विचार करत होतो. तुला हा त्रास कधी होणार नाही. आमच्या घरी मुलांची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. मध्ये दोन दारं आहेत आणि दोन्हींना आतून जाड लोकरी बनात लावलेली आहे. आईने करून घेतलं होतं. आवाज खाली येत नाही. मला रोज चार वाजता खाली आणत, सव्वाचारला वर नेत. अगदी सुरळीत चाललं."

 फीबीने झोपेत उसासा टाकला.

"आणि तुम्ही वर रडलात तर?" हेस्टरने विचारलं.

"मी रडत नसे." त्यांनी जरा विचार केला. प्रामाणिक माणूस होता तो, लेटीला पुढे नेहमी वाटत राहिलं. "प्रथम रडत असेन. पण मग लक्षात आलं, की त्याचा उपयोग होत नाही."

हेस्टरने डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरलेले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"चहाच्या वेळी उत्तर देणार होते मी. आत्ताच देते. नाही, मिस्टर स्टॉलवुड. मला नाही जमणार."

मागे चपचप थांबली. आत्या, स्कर्ट धरून, डोणीत उभी होती.

"मी बूट काढले नाहीत, म्हणून?" स्टॉलवुडांनी विचारलं. "ते मी ... कदाचित शिकू शकेन."

"शिकाल. माझ्यासाठी काढालही, मला ठाऊक आहे. बुटांचं काही नाही हो."  "त्या दोन दारांचं सांगताना तुम्ही इतके खूश होतात. ती दारं तुम्हाला अजून चांगली वाटतात. आणि मी खूप आवाज करणार आहे. मी आणि माझी मुलं."

 मग त्यांनी मान लववली, जशी जेवणाच्या खोलीत लववतात, आणि फीबीला अतिशय जपून लेटीच्या हातांत दिलं. बधिर झालेला हात लुळा लोंबत होता.

"ऑगस्टा," आजोबा हळूच म्हणाले, "वीस माणसांच्या जेवणाचं काय मग?"

आत्याने नाक वर ओढलं. तिचे डोळे हेस्टरवर होते. तीन महिने तिने या लग्नासाठी आकाशपाताळ एक केलं होतं. "काय म्हणजे? जेवतील!" ती म्हणाली. "भूक काय हिला विचारून लागणार आहे? हेस्टर, इकडे ये. ये म्हणते ना. रडायचं तर डोणीत रड, पाणी कमी पडतंय."

आणि हेस्टर गेली, आणि आत्याने तिला मातीच्या हातांनी घट्ट धरलं, आणि दोघी एकदम हसायला आणि रडायला लागल्या.

लेटी स्टॉलवुडांना फाटकापर्यंत सोडायला गेली. निदान तेवढं तरी तिच्याकडे लागत होतं. त्यांनी टोपी घातली, फाटक लावलं, मग थांबले.

"हिचं नाव काय?"

"फीबी."

"फीबी," त्यांनी म्हणून पाहिलं. मग टोपी किंचित उचलली, लेटीला नव्हे, त्या झोपलेल्या पोरीला, आणि चालू लागले.

ते दहा पावलं गेले असतील. फीबी जागी झाली. ओळखीचा कोट नाहीसा झाल्यामुळे म्हणा, भुकेने म्हणा, तिने असा टाहो फोडला की झाडावरचे कावळे उडाले. स्टॉलवुड रस्त्यात थांबले. वळले नाहीत. पाठमोरे, तसेच, टोपी काढून हातात धरून ऐकत उभे राहिले.

हाक मारावी असं लेटीच्या ओठांवर आलं. काय म्हणून, ते तिला सुचेना.

"लेटी!" कोठारातून हेस्टर ओरडली. "डोंगरामागून ढग येतायत! आण तिला इकडे, मी घेते, तुझे हात हवेत! धाव!"

"आले!" लेटीने ओरडून सांगितलं, आणि लेक तिच्या कानात बोंबलत असताना, अनवाणी, मातीच्या पायांनी, ती धावत सुटली.